दहापर्यंतचं ऊन

भालचंद्र सोहोनींना रातांधळेपणाने गाठलं, तेव्हापासून दिवेलागणीनंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. त्यामुळे शरयूताईंनी बाल्टिक समुद्राकाठच्या चिमुकल्या एस्टोनियाला जायचं काढलं, तेव्हा ते चिडलेच.

"परक्या देशात धडपडलो, तर मला उचलणार कोण?"

"अहो, जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत ऊन असतं." शरयूताईंनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. प्रवासाचा विमा, समुद्राजवळच्या हॉटेलात तळमजल्यावरची खोली, आणि जुन्या शहरातल्या उंचसखल दगडी गल्ल्या फक्त भर दुपारी.

तालिनला पोचल्यावर पहिल्याच दिवशी रात्रीचं जेवण आटोपून दोघं किनाऱ्यावर आली. पाणी मधासारखं चमकत होतं. पोरं अजून वाळूत खेळत होती, लांब कुणीतरी ॲकॉर्डियन वाजवत होतं. भालचंद्रांनी सवयीने बायकोचा दंड घट्ट धरला होता. चालता चालता तो हातातून कधी सुटला, ते त्यांना कळलंही नाही.

शरयूताई मुद्दाम रेंगाळल्या. बऱ्याच पुढे गेल्यावर ते वळून ओरडले, "अगं, चल की! एवढ्यात दमलीस?"

"हो, दमले," त्या म्हणाल्या, आणि त्यांना आणखी थोडं पुढे जाऊ दिलं.