फटफटीचं काम

मच्छिंद्रने जोडलेली फटफटी पहिल्याच किकला सुरू झाली आणि विजयमाला हिरमुसली.

सकाळपासून तो अंगणात पोतं अंथरून बसला होता. पुढ्यात नवेकोरे पाने, डब्यात रॉकेल आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. एकाहत्तर साली नंबर लागून मिळालेली गाडी, तिच्या तीन फुकट सर्व्हिसिंग नगरच्या एजन्सीत झाल्या होत्या. चौथी त्याने घरीच करायची ठरवली.

"त्यो मिस्त्री करतो तरी काय? तेल बदलतो, चेन ओढतो, कार्बोरेटर धुतो. शेजारी बसून समदं बगितलंय मी. आता कोल्हारवरनं नगरला हेलपाटा कशापायी?"

त्याची आई बनुबाई ज्वारी निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. विजयमाला भाकरी थापत होती. ती भाकरी जरा वाकडी झाली.

हेलपाटा नवऱ्याचा असला तरी दिवस तिचा होता. तिचं माहेर केडगावचं, नगर ओलांडलं की आलंच. एजन्सीत टाकलेली गाडी संध्याकाळशिवाय मिळायची नाही. मच्छिंद्र आधी तिला आईच्या दारात सोडायचा, मग मागे फिरून एजन्सीत जायचा. तेवढा दिवस ती आईची लेक व्हायची.

एरवी तिला माहेरची वाट बंदच होती. मुराळी न्यायला आल्याशिवाय सून माहेरी जायची नाही, ही बनुबाईंच्या घरची रीत. मुराळी म्हणजे भाऊ, आणि विजयमालाला भाऊ नव्हता. वडीलही गेले होते. आईला गुडघ्यांमुळे एस्टीची पायरी चढवत नव्हती, आणि गेल्या खेपेला तर तिने लेकीला आवाजावरून ओळखलं होतं. परतताना विजयमाला वाटभर रडली. मच्छिंद्र म्हणाला, राहुरीपासून फार धूळ आहे.

फटफटीवरून जाणं मात्र रीतीत बसायचं. बनुबाई शेजारणींना सांगायच्या, "गाडीच्या कामाला गेलीत दोघं. मागं वजन नसलं की गाडी उडती म्हनं." वाटेत भूक लागते म्हणून त्या दोघांना चौघांच्या भाकरी बांधून द्यायच्या. केडगावचं नाव घरात कोणी काढायचं नाही. बनुबाईंच्या तोंडून तर ते लग्नानंतर कधी निघालंच नव्हतं.

आणि आता गाडीचं कामच अंगणात आलं होतं.

सकाळी सुटे भाग पुसून देताना विजयमालाच्या मनात आलं होतं, एखादा बारका स्क्रू पदराच्या गाठीला बांधावा. पण हात धजला नाही. नवऱ्याची गाडी होती, उद्या भर रस्त्यात दगा दिला तर? तिने एकूणएक स्क्रू पुसून त्याच्या तळहातावर ठेवला. प्रामाणिकपणाचं फळ आता समोर धडधडत होतं.

मच्छिंद्रने गाडी बंद केली आणि चिंधीला हात पुसले. "बगितलंस? सुटलो त्या एजन्सीच्या तावडीतनं."

"व्हय," विजयमाला म्हणाली. तिला रडायचं होतं, म्हणून ती स्वयंपाकघराकडे वळली.

दारात बनुबाई उभ्या होत्या. त्यांनी मूठ उघडली. "मच्छिंदर, हे काय रं? पोत्याखाली पडलं हुतं."

मुठीत तुरीच्या दाण्याएवढा पितळी तुकडा होता. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. मच्छिंद्रने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. असलाच पितळी जिन्नस त्याने सकाळी कार्बोरेटरमधून काढून धुतला होता. तो पुन्हा पोत्यावर बसला.

दिवस मावळेपर्यंत त्याने सगळं खोललं आणि सगळं जोडलं. प्रत्येक भाग जिथल्या तिथे होता. जागा कुठेच रिकामी नव्हती. त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"पन गाडी तर चालू हाय, आये."

"चालू हाय म्हनूनच भ्या वाटतं," बनुबाई म्हणाल्या. "बंद असती तर गप घरात ऱ्हायली असती. उद्या एजन्सीत टाक. आन् एकटा जाऊ नगंस, मागं वजन लागतं."

मच्छिंद्रने तुकडा रुमालाच्या टोकाला बांधला आणि रुमाल खिशात ठेवला. नवे पाने त्याने माळ्यावर टाकले.

सकाळी विजयमाला ठेवणीतलं लुगडं नेसली आणि निघण्यापूर्वी चहा करायला तिने स्टो पुढे ओढला. पंप मारला, तर रॉकेलची जाड धार सरळ वर उडाली. ती वाकून बघू लागली. बर्नरच्या मधोमध, जिथे ती रोज पिन मारायची, तिथे नुसती उघडी नळी होती.

तिने मान वर केली. बनुबाई चुलीपाशी बसल्या होत्या. चहाचं आधण चुलीवर केव्हाच चढलं होतं आणि शेजारी चौघांच्या भाकरींचं फडकं बांधून तयार होतं. बाहेर मच्छिंद्र गाडी पुसत होता.

बनुबाईंनी एक लाकूड आत सारलं आणि आवाज खाली घेतला.

"केडगावात उतरशील तवा त्याच्या रुमालाची गाठ सोडून घे. उद्या मला स्टो लागंल."