खाणीतलं लोखंडी दार

“मधात बसा, बाई. कडेले रेलू नका. खाली साठ हात पाणी हाये.”

डोमाजीनं वल्हं मारलं आणि नाव काठापासून सुटली.

राजूरजवळची ती कोळशाची खाण बंद पडून बारा वर्षं झाली होती. पुढचा उघडा खड्डा पाण्यानं भरून त्याचं तळं झालं होतं. लोक हौसेनं बघायला यायचे. डोमाजी त्यांना नावेतून पलीकडे न्यायचा, टेकडीतल्या भुयारात हिंडवायचा आणि कंदील वर धरून खाणीची गोष्ट सांगायचा. त्यानं स्वतः तिथं कोळसा खणलेला, त्यामुळे लोक कान देऊन ऐकायचे.

आज दुपारी ही एकटीच आली होती. आरशाच्या काचा लावलेली ओढणी, दंडापर्यंत पांढरे चुडे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती. नाव रुपीबाई. पुसदकडून दोन मोटारी बदलून आले, म्हणाली. नुसती खाण बघायला एवढ्या लांबून? डोमाजीला ते पटलं नव्हतं.

तरी त्यानं नेहमीची गोष्ट सुरू केली. “बारा वर्षं झाली, एकोणपन्नास साली सुरुंगाचा बार चुकला. जुन्या भुयारात साचलेलं पाणी फुटून आत घुसलं. आम्ही अकरा जण बाहेर निघालो. एकच गेला. सेवादास.”

बाईनं नावेची कड घट्ट धरली. “एकच?”

“एकच.”

“पक्कं?”

“मी होतो ना तिथं.”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की वल्हं त्याच्या हातून निसटता निसटता राहिलं. सेवादास तांड्यावरचाच होता. आपलं कोणी नाही, असं सांगायचा. पण माणसं सांगतात ते सारं खरं थोडंच असतं? बहीण असेल. बहीणच. जाब विचारायला आली.

नाव तळ्याच्या मधोमध होती. हिनं एका अंगाला झोक दिला तर? डोमाजीला पोहता येत नव्हतं. हे तो कोणालाच सांगत नसे.

“ते दार हाये का अजून?” तिनं विचारलं.

“कोणतं दार?”

“आतलं. लोखंडाचं.”

दाराबद्दल तो एक शब्दही बोलला नव्हता. “तुमाले कोणं सांगतलं?”

“दाखवा मले.”

पलीकडे उतरल्यावर परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. पण काय कारण सांगणार? त्यानं कंदील पेटवला आणि भुयारात शिरला. ती मागून येत होती. तिच्या चुड्यांचा आवाज त्याच्या मानेमागं, अगदी जवळ. एकदा तो आवाज थांबला तेव्हा तो गर्रकन वळला. ती नुसती भिंतीला हात लावून उभी होती.

“चाला,” ती म्हणाली.

दार आलं. पाणी अडवायला बसवलेलं, गंजलेलं, पुरुषभर उंच, आडवा अडसर घातलेलं. पलीकडे अजून पाणी होतं. फटींतून ते झिरपत होतं.

“हे कोणं लावलं?”

“मी.” मग चौकशीत सांगून पाठ झालेली वाक्यं डोमाजीच्या तोंडून आपोआप आली. “तीन हाका मारल्या. आतून आवाज नाही आला. मंग लावलं.”

“खोटं,” रुपीबाई शांतपणे म्हणाली. “त्यानं ठोकलं होतं. दोन्ही मुठींनी.”

ते ठोकणं डोमाजीनं एकट्यानं ऐकलं होतं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. या दाराच्या पलीकडचा माणूस सोडला तर ते कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. ही कोण आहे? माणूसच आहे ना?

तो खालीच बसला.

“आयकलं होतं मी,” तो म्हणाला. “दाराले पाठ लावून उभा होतो. पाणी आलतं. उघडलं असतं तर अकराच्या अकरा गेलो असतो. न् मी ओ देल्ली असती तर बाकीचे धावत आले असते, उघड म्हणाले असते. म्हणून चूप राह्यलो. लई वेळ ठोकत होता. मंग थांबला.” त्यानं हात जोडले. “तुमच्या भावाले म्याच मारलं, बाई. आता तुमाले काय करायचं ते करा.”

रुपीबाई दाराला टेकून हळूहळू खाली बसली. तिचे डोळे भरले होते.

“भाऊ नाही, नवरा हाये माहा,” ती म्हणाली. “हवेसाठी खणलेल्या विहिरीतून वर निघाला न् तसाच पळाला. मले या दिवाळीत पहिल्यांदा सांगतलं. बार त्यानंच लावलता. इतकं ठोकलं, पण इकडून कोणी ओ देल्ली नाही. बारा वर्षं झाली, तांड्याबाहेर पाय नाही टाकला त्यानं. त्याले वाटते, अकराच्या अकरा त्यानं बुडवले.”