दुसरा मुनवर

"आत यायचं न्हाय, डाक्टरसाब." जगदेवी सुईण उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "शिवगंगानं तुमाला बाळंतपणाला न्हाय बलवलं. ह्याला धराया बलवलंय."

तिनं कडेवरचं पोर ओट्यावर बसलेल्या डॉक्टर मुनवर यांच्या मांडीत ठेवलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

डॉक्टर नळदुर्गहून भर उन्हात बैलगाडीनं आले होते. शेरवानीवर धूळ बसली होती, बॅग शेजारी तशीच बंद होती. त्यांनी मांडीतल्या पोराकडं पाहिलं. सहा-सात वर्षांचं असावं. मान एका अंगाला कललेली, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, हनुवटीवरून लाळ. पण डोक्याला तेल होतं, डोळ्यांत काजळ, अंगात धुतलेला सदरा. कपाळावर विभूतीची तीन बोटं.

"हा कोण?"

शिवगंगाचा नवरा वीरप्पा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"वळखलं न्हाय व्हय? तुमचाच की. जर्मनची लढाई सुरू झाली त्या साली जन्मला, रडलाच न्हाय. म्या खड्डा खांदून आलो, तवर तुमी त्याच्यात जीव घातलावता."

डॉक्टरांना आठवलं. विसरण्यासारखं नव्हतंच ते. निळं पडलेलं, जगदेवीनं फडक्यात गुंडाळून बाजूला सारलेलं पोर त्यांनी उचललं होतं. गरम पाणी, गार पाणी, तोंडाला तोंड लावून फुंकर, पुन्हा गरम पाणी. सगळे म्हणाले, राहू द्या आता. त्यांनी ऐकलं नाही, कुणाला विचारलंही नाही. शेवटी ते रडलं, तसे डॉक्टर उठून गाडीत बसले. तेव्हापासून हैदराबादेत असोत की सोलापुरात, चार माणसं बसली की डॉक्टर ही हकीकत सांगायचे. सांगताना दोन्ही हात पुढं करून दाखवायचे. त्या हकीकतीत पोर ओंजळीएवढंच राहिलं होतं.

"नाव काय याचं?"

"मुनवर."

डॉक्टरांनी पोराचं डोकं आपल्या खांद्याला टेकवलं.

"तिनंच ठिवलं. आमचे मठाचे स्वामी रागावले, मुसलमानी नाव म्हून. ती म्हनाली, ज्यानं जीव घातला त्याचंच नाव ऱ्हाईल."

पोराची मान खांद्यावरून निसटू लागली. डॉक्टरांनी पाठीमागून हात घातला. सात वर्षं अंथरुणावर पडून असलेलं अंग, पण पाठीवर बोट फिरवलं तर कुठं साधा चट्टा लागेना.

"दवाखान्यात आणायचं होतं, वीरप्पा."

"आनलं हुतं की. तुमी लांबूनच बघितलं. म्हनला, ह्याला औषध न्हाय. कुनाचं पोर, ते इचारलं न्हाय." वीरप्पानं खाली थुंकी टाकली, पायानं माती ओढली. तो रागानं बोलत नव्हता. "दुधात भाकर कुस्करून बोटानं घशापतूर लोटावी लागती. जेवू घालता घालता सांज व्हती. तिच्याबिगर कुनाच्या हातनं खात न्हाय."

आतून शिवगंगाच्या कण्हण्याचा आवाज आला. पोरानं तिकडं डोळे फिरवले. बाकी अंग जागचं हललं नाही, डोळे तेवढे दाराकडं लागले.

"तिनं आदीच सांगून ठिवलंय," वीरप्पा म्हणाला. "हे बी न्हाय रडलं, तर न्हाय रडलं. डाक्टरनं हात लावायचा न्हाय."

"अरे, पण वाचत असेल तर?"

"म्या बी तेच म्हनलो. तर म्हनली, ह्याला म्या हाय. दोघांना म्या एकटी कुठनं पुरू?"

आत एकाएकी सगळं शांत झालं. दोघांनीही कान टवकारले. मग काशाची थाळी वाजू लागली. बाळ रडत नसलं की सुईण त्याच्या कानाशी थाळी वाजवते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. थाळी जोरात वाजली, मग आणखी जोरात, मग नुसतीच कशीबशी वाजत राहिली. वीरप्पा उठून कोपऱ्यातल्या कुदळीकडं पाहू लागला.

डॉक्टर उठले. पोर जड होतं. एका हातात मावेना. ते तसेच दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरून दारापर्यंत गेले. पायानं दार ढकललं आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

सुपात लुगड्याच्या तुकड्यावर बाळ पडलं होतं. निळं. मुलगी होती. जगदेवीनं थाळी खाली ठेवली आणि बाजूला झाली. शिवगंगा भिंतीकडं तोंड करून निजली होती.

 डॉक्टरांचा पाय आत पडायला बघत होता.

"शिवगंगाबाई," ते म्हणाले. "करू का?"

तिनं तोंड वळवलं. आधी त्यांच्याकडं पाहिलं नाही, त्यांच्या हातातल्या पोराकडं पाहिलं. त्याच्या लाळेनं डॉक्टरांची शेरवानी खांद्यापासून भिजली होती. तिनं अंगाखालची वाकळ थोडी सारली आणि शेजारी जागा केली.

"त्याला हितं निजवा."

डॉक्टरांनी पोराला तिच्या कुशीत ठेवलं. मान उशाला नीट लावली. मग सुपाजवळ गुडघे टेकले, पण हात पुढं केले नाहीत. तिच्याकडं पाहत राहिले.

"करा," शिवगंगा म्हणाली. "पर ह्या बारीला ती रडली म्हून लगीच उठून जाऊ नका."