बाबांना घोड्यावर बसवताना

"बाबा, डावा पाय! डावा!"

सून ओरडली तरी बाबांनी रिकिबीत उजवाच पाय घातला आणि खोगिरावर चढण्याऐवजी घोड्याच्या अंगाला लोंबकळले. पिकल्या मिशांच्या घोडेवाल्याने त्यांना धरून खाली उतरवलं.

"सूनबाई, हे आपलं काम नव्हे. घरी जाऊ."

"घरीबिरी काही नाही." तिने त्यांचा डावा पाय उचलून रिकिबीत बसवला.

सासूबाई गेल्यापासून बाबा बाल्कनीतल्या खुर्चीला जे चिकटले, ते चिकटलेच. त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिने शाळेतून लांबलचक रजा घेतली. तिला आई नव्हती आणि सासूबाईंनी ती उणीव कधी जाणवू दिली नव्हती. पण रडायला सवड कुणाला होती? आधी बाबांना माणसांत आणायचं होतं.

पार्कातल्या दिवसभराच्या घोडेस्वारीची कल्पना नवऱ्याची. तिने त्याला वेड्यात काढलं होतं. "तू बरोबर असलीस तर जातील," एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतरचा एकही रविवार चुकला नव्हता.

घोडेवाला तिला पेंगुळलेली तांबडी घोडी द्यायचा आणि बाबांना कान टवकारलेला काळा घोडा.

"अहो काका, यांना जरा गरीब जनावर द्या ना," पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती.

"काळ्याला माणूस कळतो, ताई. तुम्ही काळजी सोडा."

काळजी कशी सोडणार? झाडीतल्या पायवाटेवर बाबा आयाळ मुठीत धरून बसत, काळा भलतीकडे वळला की तिची तारांबळ उडे. "पाठ ताठ! लगाम सैल!" वर्गातला आवाज पुन्हा फुटायचा.

आज उतारावर बाबांची टोपी फांदीला अडकली. ती काढायला गेली, तर तिचीच वेणी अडकली.

"घोडे पुढे गेले, की आपण दोघं इथेच वाळत पडणार," बाबा गंभीरपणे म्हणाले.

ती इतकी हसली, की घोडीनेही मान वळवून पाहिलं.

तळ्याकाठी दोघांनी डबा चाटूनपुसून संपवला. बोलता बोलता सासूबाईंचा विषय निघाला आणि ती पोटभर रडली. बाबा ऐकत राहिले. मग तिला फार हलकं वाटलं.

घोडेवाल्याकडे परत आल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला. "अरे, बाबा आज चक्क विनोद करत होते! तुझे आणि घोडेवाल्या काकांचे किती आभार मानू? मी उद्या शाळेत कळवते, परत येते म्हणून. आता बाबांची चिंता नाही."

फोन ठेवून ती हात धुवायला नळाकडे गेली.

ती लांब गेल्याचं पाहून घोडेवाला बाबांच्या कानाशी लागला. "लेका, लग्नाआधी शर्यतीचे अवखळ घोडे काबूत आणायचास तू. अजून किती रविवार लोंबकळणार आहेस?"

"झालं आता. तुझे उपकार विसरणार नाही मी." बाबांचे डोळे भरून आले होते. नळापाशी ती कुठलंसं गाणं गुणगुणत होती.

"आमची ही जाताना एवढंच म्हणाली होती," ते म्हणाले, "माझ्यामागे पोरगी खचेल, तिला तेवढं घराबाहेर काढा."