फायरवॉलने केलेलं सांत्वन

"बाबा, मृण्मयीला माझ्या नावानं उत्तर कोणी पाठवलं?"

इरा हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने जेवतानाच विचारलं.

"फायरवॉलने." जुना राउटर काढून बाबांनी घरच्या इंटरनेटवर पहारा ठेवायला स्वतः जुळवलेला सर्व्हर बसवला होता. "दहावीचं वर्ष आहे तुझं. मेसेज तो अडवतो, उत्तरंही तोच देतो. तुझ्या निबंधांवरूनच शिकवलंय त्याला."

"तिची आई गेली, बाबा! आणि माझ्याकडून तिला काय गेलं? 'शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते, की मृत्यू अटळ आहे.' आता ती माझं तोंड बघत नाही!"

"पण शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती गं," आई म्हणाली.

इरा ताटावरून उठली.

"मी तिच्याकडे चाललेय. ती दार उघडेपर्यंत पायरीवर बसणार. मला परत न्यायचं असेल तर स्वतः या. मेसेज करू नका."