चाकाचा पाचवा नट

"कुणाला पटणार नाही, पण त्या दिवशी मिस्त्रीने एकही घाव खोटा मारला नाही," आबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. नात पायरीवर मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

दुपारी एकला मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन त्या अंगणात शिरला, तेव्हा गाडीचं मागचं चाक हवा जाऊन बसलेलं होतं आणि गाडीच्या मालकाचा, साहेबाचा, पारा चढलेला होता. नवरा-बायकोचा काडीमोड झाला होता. कोर्टाचा हुकूम होता: आज पाचपर्यंत नवऱ्याने आवारातून जे नेलं ते त्याचं, जे राहिलं ते तिचं. बाकी सगळं साहेबाने आदल्या दिवशीच नेलं होतं, पडद्यांच्या दांड्यांसकट. गाडी तेवढी उरली होती.

बाई त्याच गाडीतून दवाखान्याच्या चादरी धुवायला आणायची आणि धुऊन पोचवायची. गाडी गेली की तिचा धंदा बसला. साहेबाला गाडीचं काही कौतुक नव्हतं.

"भंगारात घालीन, पण हिला मिळू देणार नाही," तो मिस्त्रीला म्हणाला. बाईच्या देखत.

ओट्यावर कोर्टाचा माणूस टेबलाशी घड्याळ घेऊन बसला होता. शेजारी हुकुमाचा कागद. तो उडू नये म्हणून बाईने त्यावर एक चिमुकली फुलदाणी ठेवली होती. पोलादी, जड, आतून पाच पाकळ्यांची नक्षी, आणि तिच्यात सदाफुली गच्च खोचलेली. साहेबाने ती दोनदा उचलली, कागद वाचला, पुन्हा जागच्या जागी ठेवली.

चाकाला नट पाच. चार साधे. पाचवा चोरांसाठी: त्याचं डोकं असं नागमोडी, की त्याच घडणीची चावी बसवल्याशिवाय तो हलत नाही. ती चावी हरवली होती.

"कुठे ठेवलीस चावी?" साहेबाने विचारलं.

"तुमच्या वस्तूंना मी हात लावते का?" बाई म्हणाली. "तुम्हीच बजावलं होतंत, लावायचा नाही म्हणून."

साहेबाने जन्मात चाक बदललं नव्हतं. चावी म्हणजे कुलपाचीच असणार असं धरून तो खिशातले, पेटीतले सगळे जुडगे घेऊन आला. मिस्त्रीने एकेक किल्ली उजेडात धरून पाहिली. "ही नव्हे. हीसुद्धा नव्हे." त्यात अर्धा तास गेला.

मिस्त्रीचं साहेबाशी जुनं होतं. पूर्वी एका मोठ्या गॅरेजात साहेबाने त्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं. हरवलेलं घड्याळ पुढे साहेबाच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं, पण तोवर मिस्त्रीची नोकरी गेली होती. साहेब तो चेहरा विसरला होता. मिस्त्री काही विसरला नव्हता.

"पण कामात दावा साधायचा नाही, हा त्याचा नेम," आबा म्हणाले.

मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, चार साधे नट काढले आणि पाचव्यावर किंचित लहान मापाचा सॉकेट, म्हणजे नटाच्या डोक्यावर बसणारी पोलादी टोपी, हातोडीने ठोकून बसवला. लांब दांडा लावला, जोर केला. चाक गर्रकन फिरलं.

"आबा," नात म्हणाली, "नट आधी सैल करतात, जॅक मग लावतात. हवेतलं चाक फिरणारच. कालच शिकवलंत मला."

"गडबडीत राहून गेलं असेल. तू मटार सोल."

तीन वाजले. सॉकेट सटकला. चार वाजले. दुसरा सॉकेट फुटला.

"अहो, काय चाललंय काय?" साहेब ओरडला.

"घाई केली तर बोल्ट तुटेल, साहेब. मग गाडी उचलूनच न्यावी लागेल."

साहेबाने गाडी ओढून नेणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, सहाच्या आत जमणार नाही. मिस्त्री घाम गाळत राहिला. बाईने पाणी दिलं तेही त्याने अंगणात उभ्यानेच प्यायलं, ओट्याची पायरीसुद्धा चढला नाही.

साडेचारला साहेबाचा धीर सुटला. "मसणात जाऊ दे तो नट. खाली उतरवा, बसल्या चाकानेच फाटकाबाहेर काढतो."

"चार नट लावल्याशिवाय? फाटकाआधीच चाक निसटेल."

"मग लावा ना!"

मिस्त्रीने लावायला घेतले. रीतसर. आधी हाताने, मग पान्याने, समोरासमोरचे. चौथा धुळीत पडला. पुसला, फुंकला, पुन्हा पुसला. शेवटी साहेब स्वतः पांढऱ्या पँटीत गुडघ्यांवर बसून धूळ चिवडू लागला. बाई ओट्यावरून बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला असं गुडघ्यांवर पाहिलं नव्हतं.

कोर्टाच्या माणसाने घड्याळ खिशात घातलं. "वाजले पाच," तो म्हणाला.

साहेब चालत गेला. फाटकापाशी वळून म्हणाला, "चावीवाचून ही गाडी घेऊन बस चाटत."

 बाईने फुलदाणीतली सदाफुली सारखी केली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चादरी दवाखान्यात पोचल्या," आबा म्हणाले. "कशा, ते मिस्त्रीलाही ठाऊक नाही. त्याने बिचाऱ्याने साहेबासाठी जिवाचं रान केलं होतं."

आत आजीचा भांडी विसळण्याचा आवाज थांबला होता. नात उठली. स्वयंपाकघराच्या खिडकीतली आजीची फुलदाणी तिने उचलली, सदाफुली काढून आतली नागमोडी नक्षी पाहिली, मग ती उलटी केली. बुडाला पाना बसेल असं षट्कोनी टोक होतं.

"मिस्त्री आला तेव्हा हिच्यात फुलं गच्च होती," ती म्हणाली. "मग आतल्या पाच पाकळ्या तुम्ही केव्हा पाहिल्यात, आबा?"