डोक्याचं काम

१९७१ साली अलाबामात माझ्या धाकट्या भावाला, रूफसला, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर चाली ठरवणारा खेळाडू, व्हायचं होतं. कोच हॅस्केल म्हणाले, “पोरा, तुझे पाय झकास आहेत. तू नुसता पळ. चाली रचायचं डोक्याचं काम गोऱ्या मुलांवर सोड.”

रूफस चौदा वर्षं पळला, मग टीव्हीवर समालोचक झाला. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीत तेच कोच. एका काळ्या क्वार्टरबॅकने सगळ्यांना चकवलं, तेव्हा कोच ओरडले, “काय पाय आहेत!” मग समोरच्या संघाच्या गोऱ्या क्वार्टरबॅकने तसंच चकवलं. “काय डोकं आहे!”

मी घरी टीव्हीपुढे पुटपुटले, “गप्प बस रे राजा, नोकरी जाईल.”

“छे हो कोच,” साऱ्या देशाला ऐकू जाईल असं रूफस म्हणाला, “पाय झकास आहेत त्याचे. त्याला नुसतं पळू दे. डोक्याचं काम माझ्यावर सोडा.”